ठिपक्यांची रांगोळी आणि उत्क्रांती : अडलोय, मदत हवी आहे

मुठाकाठ
शनिवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. गेले तीन महिने ऑफिस सुटल्यावर एकाच गोष्टीत बुडालो आहे आणि आता अशा जागी अडलोय की इथल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नाही. लिखाण लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर नारायण पेठेत, वाडा पाडून झालेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. अंगण गेलं, पण आईने दारासमोरच्या फरशीवर गेरूचा चौकोन राखलाय. रोज सकाळी तिथे ठिपक्यांची रांगोळी पडते. दिवाळीत ती म्हणाली, ‘पुस्तकातल्या सगळ्या काढून झाल्या. तुझ्या संगणकाला एखादी नवी सुचेल का रे?’ इव्होल्युशनरी अल्गोरिदम (निवड आणि बदल करत पिढ्यान्‌पिढ्या उत्तर सुधारत नेण्याची पद्धत) कॉलेजात शिकलो होतो, त्यामुळे लगेच हो म्हणालो.

घेतले ११ ते ६ ठिपके. मधली ओळ अकराची, मग वर आणि खाली दहा, नऊ, आठ, सात, सहा. एकूण ९१ ठिपके. शेजारशेजारच्या ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा मोजल्या तर त्या भरतात २४०. रेघ आहे तर १, नाही तर ०. म्हणजे एक रांगोळी ही २४० आकड्यांची माळ. अशा माळा किती होतील ती संख्या ७३ आकडी आहे! सहाही पाकळ्या सारख्या हव्यात अशी अट घातली की रेघांचे सहा-सहाचे ४० गट पडतात आणि माळ ४० जनुकांची होते. तरीही शक्यता उरतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. सेकंदाला एक बघायची म्हटली तर ३४ हजार वर्षं पुरायची नाहीत. म्हणून उत्क्रांती.

पद्धत नेहमीचीच. ६० रांगोळ्यांची पहिली पिढी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही बनवायची. प्रत्येकीला गुण द्यायचे. तीन-तीन उचलून त्यातली सरस निवडायची, दोघींच्या माळा मध्ये कापून जोडायच्या, सरासरी एखादं जनुक उलटं करायचं, आणि झाली पुढची पिढी. सर्वांत चांगल्या दोन तशाच पुढे जातात. गुण मी असे ठरवले: सगळ्या रेघा एकमेकींना जोडलेल्या असाव्यात, रेघ मध्येच लोंबकळत संपू नये, बंद आकार जास्त असावेत, गर्दी फार नको.

दोनशे पिढ्यांनी साठच्या साठ रांगोळ्या जवळपास एकच झाल्या. खिडकीच्या जाळीसारख्या. गुण भरपूर, बघावंसं काही नाही. प्रिंट काढून आईला दिली. तिने चष्मा लावून नीट पाहिली आणि म्हणाली, ‘सुबक आहे. पण हिची सुरुवात कुठून करायची?’

मग गुण देणं बंद केलं. पडद्यावर बारा रांगोळ्या दाखवायच्या, आईने आवडलेल्या तीन निवडायच्या, त्यांच्यापासून पुढच्या बारा. पहिल्या चार-पाच पिढ्या छान रंगल्या, एक तर कमळासारखी उमलत गेली. आठव्या पिढीला ती म्हणाली, ‘आता मला सगळ्या सारख्याच दिसायला लागल्यात,’ आणि कुकर लावायला उठली.

प्रश्न दोन. गुण कशाला द्यायचे? आणि माणसाला न थकवता त्याची आवड प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवायची कशी?

शून्यएक
शनिवार, सकाळी १०:०२

विषय जिवाभावाचा. तुम्ही दोन्ही टप्प्यांवर नेमके त्याच ठिकाणी पोहोचलात जिथे या क्षेत्रातले जुने लोक पोहोचले होते.

डोळ्यांनी निवड करून आकार वाढवायची कल्पना लोकांपर्यंत नेली जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी, १९८६ साली. त्यांच्या बायोमॉर्फला, म्हणजे संगणकावर वाढवलेल्या आकारांना, नऊच जनुकं होती, झाडासारख्या फांद्या काढणारी. त्यांना झाडं मिळतील असं वाटलं होतं, निघाले कीटकांसारखे आकार. १९९१ मध्ये कार्ल सिम्स यांनी जनुकाच्या जागी सूत्रच ठेवलं. बिंदूचे क्ष आणि य आत द्यायचे, रंग बाहेर येतो. म्युटेशनमध्ये, म्हणजे जनुक बदलताना, सूत्राचा एखादा तुकडा बदलायचा, साइनच्या जागी गुणाकार घालायचा, दोन सूत्रांच्या फांद्यांची अदलाबदल करायची. त्यामुळे जनुकांची लांबी बांधलेली राहिली नाही आणि चित्रं अशी निघाली की ती हाताने बसून कुणी लिहिली नसती.

आणि बघणाऱ्याचा थकवा ही या शाखेतली मान्य अडचण आहे. हिदेयुकी ताकागी यांनी २००१ च्या आढाव्यात तिच्यावर बराच भर दिलाय. आठव्या पिढीला कंटाळणं यात आईंचं काही चुकलं नाही.

एक शंका. माळेतल्या रेघांना क्रमांक कसे दिलेत? ओळीने दिले असतील तर माळ मध्ये कापणं म्हणजे पाकळीचं बूड एकीचं आणि टोक दुसरीचं. दोन चांगल्या रांगोळ्यांचा संकर मग दोघींपेक्षा वाईट निघतो. आधी ते तपासा.

मुठाकाठ
शनिवार, सकाळी १०:२०

ओळीनेच दिलेत. हे लक्षातच आलं नव्हतं. धन्यवाद!

औंधकर
शनिवार, सकाळी ११:४५

१९९१ चा उल्लेख वाचून राहवले नाही. सिम्स यांनी तो प्रयोग कनेक्शन मशीनवर केला, हजारो छोटे प्रोसेसर एकाच वेळी चालणारे यंत्र. पिढीतली सगळी चित्रे माणूस ताटकळण्याआधी पडद्यावर यावीत म्हणून ते लागले. त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकने परम ८००० उभा केला, तोही अनेक ट्रान्सप्यूटर (एकमेकांना जोडता येणारे प्रोसेसर) जोडून केलेला समांतर संगणक. मी तेव्हा शिकत होतो. त्या यंत्राबद्दल ऐकतानाही अंगावर रोमांच यायचे. आज तेच काम तुमचा लॅपटॉप आईंच्या पोळ्या होईपर्यंत करतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

सिम्स यांनी १९९७ मध्ये टोकियोत ‘गालापागोस’ नावाची मांडणी केली होती. अर्धवर्तुळात बारा पडदे, प्रत्येकावर एक हलणारा आकार. आवडेल त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे, पायाखालचे सेन्सर ते टिपायचे आणि बाकीचे आकार जाऊन तिथे याची पिल्ले यायची. बटण नाही, गुण नाहीत. माणूस कुठे रेंगाळतो एवढेच मोजले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे कुठेतरी असावे.

नवाभिडू
शनिवार, दुपारी १:१५

मी या विषयात नवीन आहे. पारदर्शक बहुकोन एकावर एक टाकून मोनालिसा तयार होते, तो प्रकारही हाच ना? तसंच एखाद्या जुन्या रांगोळीचा फोटो देऊन जमणार नाही का?

शून्यएक
शनिवार, दुपारी १:४०

तो रॉजर योहान्सन यांचा २००८ चा प्रयोग, ५० बहुकोनांचा. तिथे एकच पालक, एकच पिल्लू. पिल्लू मूळ चित्राच्या जास्त जवळ गेलं तर ठेवायचं, नाहीतर फेकायचं. बघायला विलक्षण आहे, पण कुठे पोहोचायचं हे तिथे आधीच ठरलेलं असतं. फोटो दिलात तर तीच रांगोळी परत मिळेल. आईंना नवी हवी आहे.

रेघोटी
शनिवार, दुपारी ३:३०

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. रांगोळी मात्र चाळीस वर्षं काढतेय. विसर्जन मिरवणुकीला लक्ष्मी रस्त्यावर पायघड्या घालतात, तिथेही बऱ्याच वर्षी हात लावलाय. म्हणून लिहिते.

तुमच्या आईंनी जो प्रश्न विचारला त्यात सगळं आलंय, आणि तुम्ही तो ऐकून पुढे गेलात. ‘सुरुवात कुठून करायची?’ त्यांनी रांगोळी चांगली की वाईट हे सांगितलंच नाही. त्यांना ती काढता येईना.

आम्ही ठिपक्यांची रांगोळी चित्र म्हणून लक्षात ठेवत नाही. हाताला पाठ असते. मधल्या ठिपक्यापासून दोन वर, एक उजवीकडे, परत खाली, वळसा. पाटाची बाजू बदलायची, तेच पुन्हा. सहा वेळा. लेकीला शिकवतानाही कागदावरची आकृती दाखवत नाही, तिचा हात धरून एक पाकळी काढून घेते, उरलेल्या पाच ती आपोआप काढते. चिमटीतून पीठ सुटत असतं तेव्हा थांबून विचार करायला वेळ नसतो, थांबलं की तिथे ढीग पडतो. हात जिथे थांबत नाही ती चांगली रांगोळी. तुमच्या २४० आहे-नाहीमध्ये हात कुठेच नाही.

मला जे दिसलं ते असं: तुमचं ते जनुक म्हणजे रेघ असू नये, पाऊल असावं.

कावेरीकाठ
शनिवार, संध्याकाळी ६:०५

रेघोटीताई, किती नेमकं लिहिलंत. मी बारा वर्षं चेन्नईला होते, तिथल्या कोलमचंही, म्हणजे तिथल्या रांगोळीचंही, हेच. आणि यावर आपल्याच देशात फार आधी काम झालंय. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमसाठी ॲरे व्याकरण मांडलं. लहान नक्षीतून नियम लावत मोठी नक्षी कशी उगवते ते. म्हणजे चित्र साठवायचं नाही, ते करण्याची रीत साठवायची.

हात किती वेळा उचलावा लागेल हे मोजताही येतं. ऑयलरने १७३६ मध्ये सात पुलांच्या कोड्यात दाखवलं तेच. ज्या ठिपक्याला विषम रेघा येतात ते मोजा. एकही नसेल आणि सगळं जोडलेलं असेल तर हात न उचलता पूर्ण होते, आणि जिथून निघालात तिथेच परत येता. असतील तर त्यांच्या निम्म्या वेळा चिमूट नव्याने टेकावी लागते. तुमच्या सहा पाकळ्यांच्या रांगोळीत एक गंमत आहे: मधला ठिपका सोडून बाकी सगळे सहाच्या गटात येतात आणि मधल्याला रेघा असल्या तर सहाच. म्हणून विषम ठिपके ०, ६, १२ असेच असणार. एकसंध रांगोळी काढायला मग हात टेकणार १, ३, ६, ९ वेळा. दोनदा किंवा चारदा कधीच नाही. हे आईंना सांगून बघा, त्यांना आधीपासून माहीत असेल.

मुठाकाठ
रविवार, रात्री ११:२०

कालपासून झोप कमी झाली आहे, पण जे मिळालंय ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रेघोटीताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती नुसती ‘बरोबर’ म्हणाली आणि मला मोबाइलवर तिच्या हाताचं शूटिंग करू दिलं, जे ती एरवी करू देत नाही. कावेरीकाठ यांची १, ३, ६ ची गोष्टही सांगितली. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान डोलावली.

जुनी माळ टाकून दिली. आता जनुक असं: सुरुवातीचा ठिपका मध्यापासून कुठे आहे, आणि मग पावलांची यादी. प्रत्येक पाऊल सहापैकी एका दिशेला, शेजारच्या ठिपक्यापर्यंत. ही एक पाकळी. तीच साठ-साठ अंशांनी फिरवून सहा वेळा. पाऊल ठिपक्यांच्या बाहेर जात असेल तर ते गाळायचं, पण यादीतून पुसायचं नाही. ते झोपून राहतं, आधीचं एखादं पाऊल बदललं की जागं होतं. आधी मी पावलं ‘डावीकडे वळ, उजवीकडे वळ’ अशी लिहिली होती. त्यात सुरुवातीचं एक वळण बदललं की पुढची अख्खी पाकळी गरकन फिरायची. आता दिशा ठरलेल्या आहेत, त्यामुळे एक पाऊल बदललं तर पुढचा आकार तसाच राहून फक्त सरकतो. पिल्लू आईसारखं दिसू लागलं. हा फरक केवढा आहे ते पडद्यावरच बघायला हवं.

गुणांत एकच मोठी गोष्ट ठेवली. पाकळी जिथे संपते तो ठिपका पुढच्या पाकळीच्या सुरुवातीचा असेल, तर सहाही पाकळ्या एका दमात होतात. त्याला सर्वांत जास्त गुण. एकाच रेघेवरून परत जावं लागत असेल तर गुण कमी.

बंद आकार, गर्दी, सगळे जुने नियम काढले. तरी नक्षी भरीव येते आहे. का, ते अजून नीट कळलेलं नाही. बहुधा परत पहिल्या ठिकाणी यायचं म्हटलं की आकार आपसूक बंद होत असावेत.

अडचण एकच उरली. पिढ्या वाढल्या की अजूनही सगळ्या एकीसारख्या होतात.

सुगरणपक्षी
सोमवार, सकाळी ८:१५

त्यावर उपाय आहे. झां-बातीस्त मुरे आणि जेफ क्लून यांची मॅप-एलिट्स पद्धत, २०१५. एकच विजेती शोधायची नाही. तक्ता आखा. आडवं: रेघा किती. उभं: पाकळी मध्यापासून किती लांब जाते. आठ बाय आठ, ६४ घरं. नवी रांगोळी आली की तिचं घर कोणतं ते बघायचं, आणि फक्त त्या घरातल्या रांगोळीशी तुलना करायची. सरस असेल तर जागा तिची, घर रिकामं असेल तर सरळ मुक्काम. छोटी नाजूक रांगोळी मग मोठ्या भरगच्च रांगोळीशी झुंजत नाही, आणि पुढची पिढी कोणत्याही घरातून जन्मते. आईंनाही बाराच्या बारा सारख्या बघाव्या लागणार नाहीत, वेगवेगळ्या घरांतल्या दाखवता येतील.

पिकब्रीडरबद्दल वाचलं नसेल तर वाचा. केनेथ स्टॅन्ली यांच्या गटाचं संकेतस्थळ, २००७ चं. एकाने वाढवलेलं चित्र दुसरा उचलून पुढे वाढवू शकायचा, म्हणजे एका माणसाचा थकवा अनेकांत वाटला जायचा. तिथे परग्रहवासीयाच्या चेहऱ्यापासून मोटार निघाली. डोळ्यांची चाकं झाली. चेहरा निवडणाऱ्याच्या मनात मोटार नव्हतीच. पुढे ब्रायन वूली आणि स्टॅन्ली यांनी तिथलीच चित्रं ध्येय म्हणून ठरवून संगणकाकडून उत्क्रांत करायचा प्रयत्न केला, तर ती बहुतेक मिळेनात. वाटेतले टप्पे ध्येयासारखे दिसतच नाहीत, म्हणून गुण देणारा प्रोग्रॅम त्यांना फेकून देतो. ६४ घरांत असे टप्पे जिवंत राहतात.

कॅनव्हास
सोमवार, दुपारी १२:५०

शाळेत चित्रकला शिकवतो. वाचतोय, आवडतंय, पण एका गोष्टीवर वेगळं मत नोंदवतो. हात थांबत नाही ती चांगली, हे रोजच्या रांगोळीला लागू आहे. बघणाऱ्याचा डोळा थांबला पाहिजे हेही तितकंच खरं. सगळं एका दमात वाहत गेलं तर नजर घसरून जाते. कुठेतरी एक मोडलेली रेघ, एक रिकामी जागा लागते. ते गुणांत बसवू नका, तिथे माणसाची निवडच राहू द्या.

रंग घालणार असाल तर लाल-हिरव्या-निळ्याचे आकडे जनुकात ठेवू नका. लाखो छटा निघतील आणि बहुतेक मळकट. मंडईत किंवा तुळशीबागेत रांगोळीचे रंग पुड्यांतून मिळतात, घरात असतील त्या आठ-दहा पुड्यांना क्रमांक द्या. जनुक म्हणजे पुडीचा क्रमांक. रांगोळीतल्या शेजारच्या दोन घरांत एकच पुडी आली तर गुण कमी. आणि रंग भरून झाल्यावर पांढरी रेघ पुन्हा ओढायची असते, ती विसरू नका.

पर्वतीची पायरी
सोमवार, संध्याकाळी ५:३०

मी सत्तरीची आहे, नातवाने हा धागा वाचायला दिला. तुमचा उद्योग मला फार आवडला. फक्त एक विनंती. चैत्र जवळ आला, चैत्रांगणाला हे लावू नका. त्यातली गोपद्मं, शंख, कासव, पाळणा, तुळशीवृंदावन ही नक्षी नव्हे. गौर माहेरी येते तिच्यासाठी मांडलेलं सगळं आहे ते. पाळण्याचं एक पाऊल बदललं तर तो पाळणा राहत नाही. ठिपक्यांची मात्र खुशाल वाढवा, आम्हीही मैत्रिणी-मैत्रिणींच्या उचलून बदलतच आलो.

मुठाकाठ
सोमवार, संध्याकाळी ६:१०

आजी, तुमचा शब्द पाळतो. चैत्रांगण आई तिच्या हातानेच काढेल.

रेघोटी
सोमवार, रात्री ९:००

आजींना +१. आणि ‘उचलून बदलत आलो’ हे अगदी खरं. दुसरीच्या दारातली रांगोळी बघायची, घरी येईपर्यंत अर्धी विसरायची, आपली म्हणून काढायची. मॅप-एलिट्स वगैरे मला कळलं नाही, पण हे कळलं.

मुठाकाठ
पुढचा रविवार, सकाळी ७:५०

धागा वर आणतो, कारण सांगण्यासारखं घडलंय.

६४ पैकी ५१ घरं भरली. रोज रात्री त्यातल्या सहा आईला दाखवतो, सहाच. ती निवडत नाही. पाटीवर पेन्सिलीने गिरवून बघते. जी गिरवताना अडकते ती मी बाद करतो, जी ती दुसऱ्यांदा गिरवते तिच्यापासून रात्रभर पिल्लं वाढवतो. औंधकर, तुमच्या टोकियोच्या गोष्टीवरून हे सुचलं.

गुरुवारी तिने एक दारात काढली, पण तशीच नाही. प्रत्येक पाकळीतली एक रेघ तिने गाळली. विचारलं तर म्हणाली, ‘तिथे जरा मोकळं हवं होतं.’ कॅनव्हास सर, तुम्ही लिहिलं होतं तेच. ती रेघ गाळलेली रांगोळी पावलांच्या यादीत लिहून परत तक्त्यात टाकली. गुणांत ती मागे पडते, म्हणून तिचं घर कुलूप लावून राखून ठेवलंय.

काल तिने विचारलं, हीच १३ ते ७ वर होईल का. म्हणजे १२७ ठिपके, ३४२ रेघा. पहिल्या पद्धतीत ४० जनुकांची माळ इथे ५७ ची लागली असती, सगळं मुळापासून करावं लागलं असतं. आता नुसती ठिपक्यांची संख्या बदलली आणि तीच पावलं चालवली. मधला भाग तसाच आला. टोकाला मात्र, ११ ते ६ मध्ये बाहेर जात होती म्हणून झोपलेली दोन पावलं जागी झाली आणि प्रत्येक पाकळीला एक छोटा कळा फुटला. तो मी मागितला नव्हता, गुणांतही नव्हता.

आई आत्ता बाहेर बसली आहे. पाचवी पाकळी चालू आहे, अजून हात उचललेला नाही. संपली की फोटो टाकतो.